सरकारचा होकार, मार्लीनचा नकार

माझ्या आधीच्या बायकोने माझ्याच बापाची रायफल मला द्यायला नकार दिला, त्याची ही हकीकत. गावात मी ती बऱ्याच जणांना सांगितली आहे. ऐकणारा सुरुवातीलाच तिची बाजू घेतो, आणि सगळं ऐकून झालं की आणखीच घेतो. आता मला सवय झाली आहे.

मी वेंडेल कोबर्न. वय अडुसष्ट. कॅनडाच्या सीमेपासून तासाभरावर डोंगरात आमचं गाव आहे, पिअर्सन हॉलो. तिथल्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचा ट्रक मी बत्तीस वर्षं चालवला. माझ्या ट्रकचा धक्का न लागलेली रस्त्याकडेची टपालपेटी गावात सापडणार नाही, म्हणून लोक मला ओळखतात. दुसरी ओळख अशी, की बंदुकांबद्दल माझी मतं आहेत आणि कोणी न विचारता मी ती सांगतो.

बंदुका विकणं हा माझा धंदा नव्हता. छंद होता. कोणी म्हातारा वारला की त्याच्या घरच्या लिलावात जायचं, दोन-चार जुन्या रायफली उचलायच्या, पुसून तेल लावायचं आणि उन्हाळ्यात रविवारच्या बाजारात विकायला मांडायच्या. धंदा करणाऱ्याला केंद्र सरकारचा परवाना लागतो. त्याला वही ठेवावी लागते, प्रत्येक गिऱ्हाइकाकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो, सरकारला फोन करून त्या माणसाची चौकशी करावी लागते. छंदिष्टाला यातलं काही लागत नाही. माझ्याकडे घडीचं टेबल होतं, त्यावर हिरवं कापड होतं, आणि 'वेंडेल कोबर्न, चांगल्या बंदुका, वाजवी भाव' अशी छापलेली पाचशे कार्डं होती. पण धंदा नव्हता.

मार्लीनचा आणि माझा घटस्फोट होऊन अकरा वर्षं झाली. मोठं भांडण वगैरे काही नव्हतं. एक दिवस ती म्हणाली, "वेंडेल, तू बोलायचा थांबत नाहीस आणि ऐकायला सुरुवात करत नाहीस." मी त्यावर माझी बाजू मांडायला लागलो. मांडून झाली तेव्हा ती तिच्या बहिणीच्या घरी पोचलेली होती.

ती शिलाई मशीन दुरुस्त करायची. हात इतके नेमके, की लोक हळूहळू अडकलेल्या रायफलीही तिच्याकडे आणायला लागले. मग तिने रीतसर परवाना काढायचं ठरवलं. नदीकाठच्या जुन्या दूध डेअरीची एक खोली घेतली. अशा दुकानाला गावाची मंजुरी लागते, म्हणून सभा भरली. सरकारने बंदुकांच्या भानगडीत पडू नये, असं जन्मभर ओरडणारा मी त्या सभेत उभा राहिलो आणि या बाईला परवानगी देऊ नका, असं म्हणालो. मुद्दा काय काढला, तर तिथे गाड्या लावायला जागा नाही. एकोणीस मिनिटं बोललो. मतदान झालं तेव्हा विरोधात एकच हात वर होता. मी दुसराही वर केला असता, पण सभाध्यक्ष माझ्याकडेच बघत होता.

सहा वर्षं तिचं दुकान नीट चाललं. बाहेर गाड्याही नीट लागायच्या.

मग राज्यात नवा कायदा यायचं घाटत होतं. घरातल्या घरात बंदूक दिली-घेतली तर प्रश्न नाही, पण शेजाऱ्याला विकायची असली तरी दोघांनी परवानावाल्या दुकानदाराकडे जायचं, तिथे फॉर्म भरायचा, चौकशी व्हायची, मगच व्यवहार. मी चवताळलो. राजधानीत सुनावणी होती, तिथे बोलायला गेलो. माणशी तीन मिनिटं देत होते. माझी तीन मिनिटं संपली तेव्हा मी माझ्या वडिलांची ओळख करून देत होतो. कायदा पास झाला आणि एक जानेवारीला लागू झाला.

आता त्या रायफलीकडे येतो. ती माझ्या वडिलांची, हार्लन कोबर्नांची. त्यांनी तिने चाळीस हरणं मारली. मी तिने अकरा मारली आणि एका खांबाचा दिवा फोडला. कायद्याच्या आदल्या नोव्हेंबरात, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, पन्नास पावलांवर उभा असलेला मोठा नर माझ्याकडून चुकला. सोबत गॉर्डी लाफ्लॅम होता. तो मेपलच्या झाडांचा गोड पाक काढून विकतो, माझा लहानपणापासूनचा मित्र. तो काही बोलला नाही, फक्त झाडामागे जाऊन हसला. मी म्हणालो, "ही रायफल आंधळी झालीय." गॉर्डी म्हणाला, "मग मला दे." आणि मी रागाच्या भरात तिथेच, बर्फात उभ्या उभ्या, बापाची रायफल त्याला विकून टाकली.

त्यानंतरचा हिवाळा वाईट गेला. गुडघ्यांमुळे मला ट्रक सोडावा लागला. जानेवारीत वॅफल गेली. वॅफल म्हणजे माझी कुत्री, तेरा वर्षं ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर बसून आली होती. आता बर्फ पडला की दुसऱ्याच कोणाचा तरी ट्रक माझ्या घरावरून जायचा. मी खिडकीत उभा राहून तो कुठे चुकतोय ते बघायचो. तो कुठेच चुकत नव्हता.

मार्चमध्ये मी घर आवरायला काढलं. मासे पकडायच्या काठ्या गॉर्डीला दिल्या. अंगणातला बर्फ उडवायचं यंत्र शेजारच्या बाईंना दिलं. मार्लीनच्या आईची केक भाजायची निळी ताटली माझ्याकडे होती. घटस्फोटात ती कोणाची यावरून आम्ही वकिलांसकट भांडलो होतो, आणि अकरा वर्षं मी ती दिली नव्हती. ती धुऊन तिच्या दारात ठेवून आलो. आणि एप्रिलमध्ये, रस्त्यांवर घोट्यापर्यंत चिखल असताना, माझ्या मनात आलं की वडिलांची रायफल परत पाहिजे.

गॉर्डी लगेच तयार झाला. "ने बाबा," तो म्हणाला. "नंतर मीही तिने दोनदा चुकलो."

पण आता कायदा होता. आणि तीस मैलांच्या आत परवाना असलेलं दुकान एकच होतं.

आम्ही दोघं मार्लीनच्या दुकानात शिरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. काउंटरवर एका बाजूला उघडून ठेवलेलं शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला फॉर्मचा गठ्ठा. सरकारी चौकशीला आठवडे लागतात असं मी गावभर सांगत आलो होतो, म्हणून सोबत थर्मास आणि दोन सँडविच आणली होती.

मार्लीनने चष्म्यावरून बघितलं. "काय आणलंय?"

"माझी रायफल."

"गॉर्डीची रायफल," ती म्हणाली. "सह्या होईपर्यंत तरी." आणि तिने फॉर्म माझ्यासमोर सरकवला.

मी पेन काढलं. "यात विचारलंय, तुम्ही फरार आहात का. कोणापासून?"

"हो किंवा नाही, वेंडेल."

"आणि हे बघ. कोर्टाने तुम्हाला कोणापासून लांब राहायला सांगितलंय का. कोर्टाने कशाला सांगायला पाहिजे? तू सांगितलंस तेवढं पुरे झालं."

"हो किंवा नाही."

"यात माणसाने आपलं मत कुठे लिहायचं?"

"मताला जागा नाहीये. म्हणून तर मला हा फॉर्म आवडतो."

गॉर्डी काचेच्या कपाटातल्या काडतुसांच्या खोक्यांकडे फार लक्ष देऊन बघत होता. त्याचे खांदे हलत होते. मी सगळं भरलं, सही केली आणि फॉर्म तिच्याकडे दिला. तिने तो वरून खाली वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"वजन एकशे नव्वद पौंड?"

"साधारण."

"वर वाच. खोटी माहिती लिहिणं हा गुन्हा आहे."

मी एकशे नव्वद खोडून दोनशे चोवीस केलं आणि शेजारी सही केली. सरकारपाशी माझ्या पोटाचा लेखी कबुलीजबाब आहे, तो असा.

तिने फोन लावला, माझं नाव, जन्मतारीख सांगितली आणि वाट बघत उभी राहिली. मी थर्मास काढला. झाकण अर्धं फिरवलं तेवढ्यात तिने "बरं, थँक यू" म्हणून फोन खाली ठेवला. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"द्या म्हणाले. हरकत नाही."

खरं सांगायचं तर मी थोडा नाराज झालो. तीस वर्षं मी ज्या सरकारवर डाफरत होतो, त्याला माझ्याबद्दल साधी एक शंकासुद्धा नव्हती.

"चला तर," म्हणून मी रायफलीकडे हात केला.

मार्लीनने रायफल माझ्या हाताखालून उचलली आणि गॉर्डीसमोर ठेवली. "गॉर्डी, ही घरी घेऊन जा. हा व्यवहार मी करत नाही."

"म्हणजे?" मी म्हणालो.

"म्हणजे नाही. हरणांचा हंगाम नोव्हेंबरात आहे. नोव्हेंबरात या दोघं."

"सरकार दे म्हणतंय!"

"सरकार दिलं तर चालेल म्हणतंय. दिलंच पाहिजे असं नाही म्हणत. दुकान माझं आहे."

"कारण काय पण?"

तिने एकदा गॉर्डीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "ते आत्ता नाही सांगणार."

मग मी बोललो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण स्वातंत्र्य हा शब्द चार-पाच वेळा आला आणि ताटलीचा विषयही आला. शेवटी म्हणालो, "ॲशबीला दुसरं दुकान आहे. चाळीस मैल. जातो तिकडे."

"जा," मार्लीन म्हणाली. "मी त्यांना फोन करणार नाही. तुला जायचं तर जा."

मी ॲशबीला गेलो नाही. लोकांना सांगितलं, गॉर्डीला वेळ नाही. पाकाचा हंगाम संपला होता, गॉर्डी दिवसभर ओट्यावर पाय पसरून बसलेला असायचा. मी का गेलो नाही, ते तेव्हा मी स्वतःलाही विचारलं नाही. रागावायचं काम होतं, त्यातच वेळ जात होता.

आणि त्या रागात मी तक्रार लिहिली. परवाने देणाऱ्या, केंद्र सरकारच्या बंदूक खात्याला. ज्या खात्याचं तोंड बघणार नाही अशी शपथ मी दोनदा जाहीरपणे घेतली होती, त्याच खात्याला मी 'आदरणीय महोदय' असं लिहिलं. सहा पानं. ही बाई परवान्याचा गैरवापर करते, जुना कौटुंबिक राग काढते, सज्जन नागरिकाला वाऱ्यावर सोडते, वगैरे. तक्रार करणारा कोणी ऐरागैरा नाही हे कळावं, म्हणून चौथ्या पानावर थोडी माझी माहिती दिली. पोस्टात जाऊन जादा तिकिटं लावली आणि उत्तराची वाट बघत बसलो.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं, चिखलाचे बूट घालून. सकाळी दार वाजलं. बाहेर पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या, हातात जाड फाईल. "मी जोडी व्हॅलनकोर्ट. बंदूक खात्याची निरीक्षक," त्यांनी सांगितलं.

"या, या!" मी म्हणालो. आणि नवीन माणूस दिसला की खिशाकडे हात जायची इतक्या वर्षांची सवय, मी खिशातून कार्ड काढून त्यांना दिलं.

त्यांनी ते वाचलं. उलटून मागची बाजूही वाचली. "'जुनी बंदूक विकायची आहे? घरी येऊन बघू,'" त्या म्हणाल्या. "हे मी ठेवून घेऊ का?"

"ठेवा की. माझ्याकडे पुष्कळ आहेत."

स्वयंपाकघरात बसल्यावर त्यांनी फाईल उघडली. माझंच पत्र होतं. चौथ्या पानावर पिवळ्या रंगाने रेघा ओढल्या होत्या.

"हे अक्षर तुमचंच ना, मिस्टर कोबर्न?"

"माझंच."

त्यांनी वाचून दाखवलं. "'बंदुकांच्या खरेदी-विक्रीचा मला तीस वर्षांचा अनुभव आहे. गेल्या एका उन्हाळ्यात मी सव्वीस बंदुका विकल्या, आणि माझ्या एकाही गिऱ्हाइकाला मी असं वागवलेलं नाही.'"

आवाज करून वाचलं की स्वतःचंच वाक्य किती वेगळं ऐकू येतं. मी म्हणालो, "सव्वीस हा आकडा अंदाजे आहे."

"कमी होत्या?"

"...नाही."

"आणि परवाना?"

"त्याचं काय आहे मॅडम, हा माझा छंद आहे."

"माझ्या भावाला टपालाच्या तिकिटांचा छंद आहे," त्या म्हणाल्या. "तो घरी येऊन बघू म्हणत नाही."

मी कॉफी केली. त्या अजिबात तडकून बोलत नव्हत्या, त्याचाच जास्त त्रास होत होता. नेहमी नफ्यासाठी घेऊन विकणाऱ्याला परवाना लागतोच, मग तो ट्रकमधून विको नाही तर संगमरवरी दुकानातून. मला आता लेखी समज मिळेल. एक तर विकणं बंद करायचं, नाही तर परवान्यासाठी अर्ज करायचा. नंतर सापडलो तर प्रकरण समजेवर भागणार नाही. हे सगळं त्यांनी माझ्याच टेबलावर, माझ्याच कपातली कॉफी पीत सांगितलं.

"आणि माझी तक्रार?" मी विचारलं. मला अजून तिची आशा होती, बघा.

"दोन दिवस मी त्यांची वही तपासली. सहा वर्षांत एक नोंद चुकलेली नाही. दुकानदाराला वाटलं तर तो नाही म्हणू शकतो, कारण द्यायचं बंधन नाही. तरी मी विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, कारण आहे. पण ते त्याला सांगेन, तुम्हाला नाही." फाईल बंद करून त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तुम्ही विचारायला गेला नाहीत का त्यांना?"

"नाही."

"सहा पानं लिहिलीत," त्या म्हणाल्या आणि चिखलातून गाडीकडे गेल्या.

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी मार्लीनच्या दुकानात गेलो. ती एका जुन्या शिलाई मशीनच्या पोटात हात घालून बसली होती. मला बघून तिने हात पुसला आणि समोरचं स्टूल पायाने सरकवलं.

"बस. बाई येऊन गेल्या वाटतं."

"आल्या होत्या. मलाच समज देऊन गेल्या."

तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. मी म्हणालो, "कारण सांग."

तिने हातातला मशीनचा स्क्रू काउंटरवर ठेवला. मग म्हणाली, "वॅफल गेली त्या आठवड्यात मी तुझ्याकडे आले होते. आठवतंय? तू दार उघडलंस, म्हणालास, ठीक आहे सगळं, आणि गप्प झालास. एवढंच बोलून गप्प. तू! मी परत येताना गाडीत रडले. जन्मभर मी तुला गप्प बस म्हणत आले, आणि तू गप्प बसलास तर मला झोप लागेना."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मग गॉर्डीला काठ्या दिल्यास. त्या काठ्यांना तू मला हात लावू द्यायचा नाहीस. शेजारी यंत्र दिलंस. नंतर एक दिवस सकाळी मी दार उघडलं तर पायरीवर आईची ताटली. धुतलेली. वेंडेल, ती ताटली बघून मला धडकी भरली. आणि पंधरा दिवसांनी तू बंदूक मागायला आलास. एप्रिलमध्ये."

"मी घर आवरत होतो," मी म्हणालो.

"तू आयुष्यात घर आवरलेलं नाहीस."

बाहेर नदीला पाणी आलं होतं, त्याचा आवाज येत होता. खरं काय ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. असा काही बेत मी ठरवला नव्हता. काडतुसं घेतली नव्हती. पण फ्रीज रिकामा करून पुसला होता, आणि मे महिन्यात काय करायचं याचा एकही विचार माझ्या डोक्यात नव्हता. रायफल आणून मी ती कुठे ठेवणार होतो, ते मात्र मला नेमकं माहीत होतं. पलंगाच्या शेजारी, भिंतीला टेकून. आमच्या घरात रायफल कधीच तिथे नसायची.

हे मी तिला सांगितलं. एवढंच सांगितलं.

तिने मान हलवली. "तेवढं मला दिसत होतं. फोनवरच्या माणसाला कसं दिसणार? त्याच्यासमोर तुझं नाव आणि जन्मतारीख."

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"गॉर्डीसमोर? अर्ध्या तासात पाक घेणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळलं असतं. नंतर मी तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. मग पोस्टातली नेल म्हणाली, वेंडेलने बंदूक खात्याला जाडजूड पत्र टाकलंय, लाल-लाल झाला होता नुसता. ते ऐकून त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट जेवण गेलं."

"तुझ्याविरुद्ध तक्रार होती ती!"

"सहा पानांची," ती म्हणाली. "म्हटलं, चला, मूळपदावर येतोय."

मग तिने माझ्यासमोरच दवाखान्यात फोन लावला आणि माझी वेळ घेतली. मी नको म्हणालो. तिने ऐकून घेतलं आणि वेळ घेतली. तेव्हापासून दर बुधवारी मी तिथल्या एका बाईंशी तासभर बोलतो. ऐकायचा त्यांना पगार मिळतो, तरी पहिल्याच दिवशी त्यांनी दोनदा घड्याळाकडे बघितलं. पण उपयोग झाला. गोळ्याही दिल्या, त्यांचाही झाला. हळूहळू मी पुन्हा गावात नकोसा व्हायला लागलो. पुढच्या सभेत पुलाच्या रंगावर मी अकरा मिनिटं बोललो तेव्हा मार्लीन मागच्या रांगेत बसून डोळे पुसत होती. लोकांना वाटलं वैतागून.

समजेचं पत्र आलं. परवान्याचा अर्ज मी मागवून बघितला. बोटांचे ठसे द्यायला माझी हरकत नव्हती, पण अर्जाबरोबर गावाची मंजुरी लागते असं कळलं. म्हणजे सभेत उभं राहून परवानगी मागायची, आणि समोरून कोणीतरी, बहुतेक सगळेच, विचारणार की वेंडेल, गाड्या कुठे लावणार? मी अर्ज मिटवून ठेवला. घरात चौदा रायफली उरल्या होत्या, त्या मार्लीनच्या दुकानात नेऊन दिल्या. तिने एकेक घेऊन वहीत लिहिली आणि पावती दिली. त्या ती विकते. गिऱ्हाईक बघून विकते. एकदा तिने एका चांगल्या कपड्यांतल्या, गोड बोलणाऱ्या माणसाला नाही म्हटलेलं मी स्वतः बघितलं. तो माणूस खरोखरच सज्जन होता की नाही कोण जाणे. तिचंही चुकत असेल कधी. मी बाजारात होतो तेव्हा माझं चुकलंय की बरोबर आलंय हे कळायलाच जागा नव्हती, कारण मी कोणाचं तोंड बघितलंच नाही. मी बोलत असायचो.

नोव्हेंबर आला. हंगामाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, गॉर्डी आणि मी पुन्हा मार्लीनच्या काउंटरवर उभे राहिलो. वजन पहिल्या फटक्यात खरं लिहिलं. फरारीबद्दल काही बोललो नाही. तिने फोन लावला. मी थर्मास आणला नव्हता, दोन मिनिटांचं तर काम.

मार्लीन फोनवर "हो... हो... बरं" म्हणत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू विचित्र व्हायला लागला. फोन ठेवून तिने काउंटरला धरलं.

"काय झालं?"

"चौकशी लांबणीवर," ती कशीबशी म्हणाली. "तीन दिवस तरी."

"कशासाठी?"

"ते सांगत नाहीत." आणि मग तिला हसू आवरेना. स्टुलावर बसावं लागलं. गॉर्डी तर बाहेरच गेला. "एप्रिलमध्ये दोन मिनिटांत पास," ती श्वास घेत म्हणाली, "आणि आता बरा झालास तर... वेंडेल, पत्र लिही. सहा पानं लिही."

मी लिहिलं नाही. पत्रांचं काय होतं ते मला कळलं होतं. हंगामाचा पहिला शनिवार-रविवार मी घरी बसून काढला. डोंगरातून दुसऱ्यांच्या बंदुकांचे आवाज येत होते आणि मी पायावर पाय टाकून रेडिओ ऐकत होतो. बुधवारी दुपारी मार्लीनचा फोन आला. मार्ग मोकळा झाला होता. का अडलं होतं आणि का सुटलं, ते कोणालाच कळलं नाही.

गुरुवारी मी रायफल घेऊन डोंगरावर गेलो. बापाच्या जागी, त्या पडलेल्या बीच झाडाशी बसलो. बर्फ भुरभुरत होता, वारा नव्हता. तासाभराने एक मादी आली, पिल्लासकट. मादी मारायची परवानगी नव्हती, आणि असती तरी. ती माझ्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली, मग झुडपाचे शेंडे खायला लागली. नंतर मला गाढ झोप लागली. उठलो तेव्हा टोपीवर दोन बोटं बर्फ साचला होता आणि गुडघे सरळ व्हायला तयार नव्हते. एका काठीच्या आधाराने, दर वीस पावलांना थांबत, कसाबसा खाली उतरलो.

वाटेत मार्लीनचं दुकान लागतं. दिवा दिसला म्हणून मी आत डोकावलो.

"आलास? काय मिळालं?" तिने विचारलं.

"सर्दी," मी म्हणालो, आणि तिच्या काउंटरवरच्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर सहा वेळा शिंकलो.

"फॉर्म पुसून घे," ती म्हणाली.